बोटांवरचा भार बेअरिंगवर

चार्ल्स फ्रेडरिक होल्डर यांनी १८९८ सालच्या जूनमध्ये कॅलिफोर्नियासमोरच्या कॅटलिना बेटाजवळ १८३ पौंडांचा, म्हणजे सुमारे ८३ किलोंचा ट्यूना गळाला लावून काठी-रिळावर वर काढला. आपल्याकडच्या कुप्याच्या जातकुळीतला हा मासा. त्याच वर्षी बेटावर अॅव्हेलॉनचा ट्यूना क्लब उभा राहिला.

त्या काळच्या रिळाची मूठ थेट फिरकीलाच जोडलेली असे. मासा पळाला की दोरी सुटायची आणि मूठ गरगर उलटी फिरायची. बोटं मध्ये आली तर सोलून निघत. फिरकीवर अंगठ्याने दाबून धरायचा चामड्याचा तुकडा, एवढाच काय तो ब्रेक.

यावर उपाय शोधला विल्यम बॉशेन यांनी. त्यांच्या कल्पनेवरून ब्रुकलिनच्या ज्युलियस व्हॉम होफ यांनी मुठीच्या दातेरी चाकातच घर्षणाच्या चकत्या बसवलेलं रीळ बनवलं. चकत्या आवळायला मुठीखाली चांदणीच्या आकाराची कळ होती, म्हणून हा ‘स्टार ड्रॅग’, म्हणजे चांदणीचा ब्रेक. १९१३ साली बॉशेन यांनी कॅटलिनापाशी साडेतीनशे पौंडांहून जड तलवार मासा पकडला. काठी-रिळावर पकडलेला तो पहिला तलवार मासा. आता मासा पळाला तरी मूठ जागच्या जागी राहत होती.

या रचनेतली खरी हुशारी मात्र सहज दिसत नाही. चकत्या आवळणारा दाब चाकाच्या नळीतच सुरू होतो आणि तिथेच संपतो. फिरकीच्या बेअरिंगना त्याची झळ लागत नाही. अडचण वेगळीच होती: चकत्या लहान, त्यामुळे चटकन तापत, आणि मासा ओढत असताना चांदणी किती फिरवली याचा अंदाज राहत नसे.

म्हणून लिव्हर ड्रॅग आला. १९६०च्या दशकात पेन कंपनीच्या सोनेरी ‘इंटरनॅशनल’ रिळांनी तो बोटीबोटीवर पोहोचवला. इथे फिरकीच्या एका अंगाला मोठी चकती असते. लिव्हर पुढे सारला की कॅम आसाला ओढतो आणि आस फिरकीला चकतीवर दाबतो. ब्रेक मोठा, थंड राहणारा आणि नेमका. पण हा दाब आता बेअरिंगमधूनच जातो.

हिशेब करून पाहावा. दोरीवर १० किलोंचा ताण, दोरीच्या वेटोळ्याची त्रिज्या ५ सेंटिमीटर, चकतीची सरासरी ३ आणि घर्षणांक ०.२ धरला, तर चकतीवर सुमारे ८३ किलोंचा दाब लागतो. साधं बॉल बेअरिंग आसावर आडव्या पडणाऱ्या वजनासाठी घडवलेलं असतं. त्याच्या आतल्या कड्याला एकीकडे आणि बाहेरच्याला दुसरीकडे एवढ्या जोराने ढकललं, की गोळ्या खाचेच्या कडेवर चढतात आणि मूठ जड होते. ऐन झुंजीत, मासा दमलेला असताना, रीळ आखडतं.

कारागिरांनी यावर बरंच डोकं लढवलं. चकती मोठी केली, कार्बन तंतूंसारखं पकड धरणारं अस्तर लावलं, जिथे दाब पडतो तिथे तो सोसणारं थ्रस्ट बेअरिंग बसवलं. कॅलिफोर्नियाच्या अॅक्युरेट कंपनीने तर फिरकीच्या दोन्ही अंगांना चकत्या दिल्या. दोन्हीकडून सारखाच दाब आल्यावर फिरकीच्या बेअरिंगवर कडेचा भार उरत नाही. या साऱ्या इतिहासातला हाच सर्वांत देखणा उपाय म्हणावा लागेल, कारण स्टार ड्रॅगमध्ये असलेला आणि लिव्हरच्या नादात हरवलेला गुण त्याने परत आणला.

एका चकतीची रिळं आजही भरपूर आहेत. तसं जुनं रीळ हाती आलं, तर दोरी सैल ठेवून लिव्हर शेवटपर्यंत सारावा आणि मूठ फिरवून पाहावी. दोरीवर काहीच ताण नसताना हाताला जो जडपणा जाणवेल, तो बेअरिंगवरच्या भाराचा असतो.