शोधनिबंध शोधावेत कोठे आणि कसे?

कोल्हापूर - जनसंज्ञापन व वृत्तपत्रविद्येच्या विद्यार्थ्यांना लघुप्रबंधासाठी शोधनिबंधांचा आधार द्यावा लागतो. संगणकावर विषयाचे नाव टाकताच हजारो पाने समोर येतात; मात्र त्यांतील बातम्या, स्फुटे व जाहिरातवजा मजकूर म्हणजे शोधनिबंध नव्हे. संशोधकाने आपली पद्धत, पुरावे आणि निष्कर्ष मांडलेला, तसेच प्रसिद्धीपूर्वी त्या विषयातील तज्ज्ञांनी तपासलेला लेखच त्या नावास पात्र ठरतो.

प्रारंभ ग्रंथालयातून

१९६२ मध्ये स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाचे बॅ. बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालय हे येथील विद्यार्थ्यांसाठी पहिले ठिकाण. नामवंत नियतकालिकांची वर्गणी व्यक्तीला परवडणारी नसते; ती संस्था भरते. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेस मंजुरी देऊन तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपयांची तरतूद केली. ३० प्रकाशकांची सुमारे १३ हजार नियतकालिके या योजनेत असून, केंद्र व राज्य सरकारच्या उच्च शिक्षणसंस्थांसाठी ती आहे. आपल्या महाविद्यालयास कोणती सेवा मिळते, याची चौकशी ग्रंथपालांकडे करावी.

पीएच.डी.चे प्रबंध गांधीनगरच्या ‘इन्फ्लिबनेट’ केंद्राच्या ‘शोधगंगा’ या भांडारात विनामूल्य वाचता येतात. प्रबंधाच्या शेवटी असलेली संदर्भसूची पुढील वाचनाची वाट दाखवते. २००४ मध्ये सुरू झालेल्या ‘गूगल स्कॉलर’वर एखाद्या लेखाचा आधार पुढे कोणी घेतला, हेही समजते.

शब्दांची निवड महत्त्वाची

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ३१ जानेवारी १९२० रोजी सुरू केलेल्या ‘मूकनायक’चे उदाहरण घेता येईल. राजर्षी शाहू महाराजांनी या पाक्षिकास अडीच हजार रुपयांचे साहाय्य केल्याने कोल्हापूरशी त्याचे नाते जवळचे. हे नाव रोमन लिपीत कोणी दोन ‘ओ’, तर कोणी ‘यू’ वापरून लिहितो. एकाच रूपावर विसंबल्यास बरेच लेख नजरेआड राहतात. त्यामुळे सर्व रूपे, तसेच देवनागरीतील नावही शोधून पाहावे. ‘दलित पत्रकारिता’ यांसारखे जोडशब्द अवतरणचिन्हांत दिल्यास शोध नेमका होतो. राज्य शासनाने ग्रंथरूपाने प्रसिद्ध केलेले ‘मूकनायक’चे अंक हे मूळ साधन होय, त्यांवरील अभ्यास म्हणजे शोधनिबंध. हा भेद न पाळल्यास प्रबंधाचा पायाच कच्चा राहतो.

बनावट नियतकालिकांपासून सावध

पैसे घेऊन कोणताही लेख तपासणीविना छापणारी नियतकालिके बरीच आहेत. त्यांतील आकडेवारीचा आधार घेतल्यास अभ्यासकाचेच निष्कर्ष चुकतात. विद्यापीठ अनुदान आयोगाची ‘केअर’ यादी पूर्वी या कामी उपयोगी पडत असे. ती बंद करण्याचा निर्णय फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर झाला. त्यामुळे पारखण्याची जबाबदारी आता संस्था व अभ्यासकांवर आली आहे. संपादक मंडळातील व्यक्ती खरोखर त्या संस्थांत आहेत का, परीक्षणाची पद्धत स्पष्ट दिली आहे का आणि ‘१०’ या अंकाने सुरू होणारा ‘डीओआय’ क्रमांक त्याच लेखाकडे नेतो का, हे तपासावे. केवळ क्रमांक असणे म्हणजे दर्जाची हमी नव्हे.

लेख सापडताच लेखक, वर्ष, नियतकालिक, खंड व पृष्ठे टिपून ठेवावीत. सारांशावर न थांबता पूर्ण लेख वाचावा. कारण निष्कर्षांच्या मर्यादा बहुधा अखेरच्या पानांतच सापडतात.