मोडनिंबची बारी आणि पडद्याची वाट

आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. महाविद्यालयात इतिहास शिकवतो. मोडनिंबच्या संगीत बाऱ्यांत नाचून घर चालविणाऱ्या स्त्रिया मात्र माझ्या क्रमिक पुस्तकांत नाहीत. चित्रपटाने त्यांची लावणी उचलली. १९७२ च्या ‘पिंजरा’त तमासगिरीण झाली ती व्ही. शांताराम यांची नायिका संध्या. तिच्या नृत्याविषयी वाद नाही. पण तमाशाचा फड हयातभर जगविणाऱ्या विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर २००२ मध्ये हलाखीतच गेल्या. त्यांच्या नावाचा सरकारी पुरस्कार मागाहून निघाला. कला पडद्यावर पोचली, कलावंतीण कनातीतच राहिली.

मग आमच्याच जिल्ह्यात काय घडले पाहा. जेऊरच्या नागराज मंजुळे यांनी २०१३ च्या ‘फँड्री’साठी हलगी वाजविणारा सोमनाथ अवघडे निवडला, २०१६ च्या ‘सैराट’साठी अकलूजची रिंकू राजगुरू. दोघांनाही राष्ट्रीय पातळीवर गौरव मिळाला. असे गुण आमच्या वस्त्यांत पूर्वीही होते. ते ओळखणारा, वस्तीचे जगणे भोगलेला माणूस निवडीच्या खुर्चीवर नव्हता. एका नागराजने वाट पडते, हमरस्ता होत नाही. म्हणून मित्रहो, नटांची मोजदाद करताना निवडणाऱ्यांचीही करा.