सामान्य वैद्यकव्यवसायाचे प्रशिक्षण : जामखेडचा अनुभव

एखाद्या इंद्रियापुरते वा रोगगटापुरते मर्यादित न राहता सर्व वयांच्या रुग्णांची प्रथम तपासणी करणे, उपचार करणे व कुटुंबाच्या आरोग्यावर सातत्याने लक्ष ठेवणे, यास सामान्य वैद्यकव्यवसाय म्हणतात. पदवीनंतर त्यासाठी स्वतंत्र प्रशिक्षण हवे, ही कल्पना तुलनेने अलीकडची आहे. ब्रिटनमध्ये सामान्य वैद्यांचे महाविद्यालय १९५२ मध्ये स्थापन झाले. अमेरिकेत कुटुंबवैद्यकास स्वतंत्र विशेष शाखेचा दर्जा १९६९ मध्ये मिळाला. भारतात हा विचार मागे पडला. महाराष्ट्रातील अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात जामखेड येथे १९७० पासून झालेल्या कार्याने मात्र ग्रामीण वैद्याने नेमके काय शिकावे, या प्रश्नाला नवे वळण दिले.

पार्श्वभूमी : ब्रिटिश अमदानीत ग्रामीण व निमशहरी भागांतील वैद्यकीय सेवेचा मोठा भार परवानाधारक वैद्यांवर होता. मुंबईच्या ‘कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्स’ या १९१२ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेचे ‘एल्‌.सी.पी.एस्‌.’ हे प्रमाणपत्र महाराष्ट्रात परिचित होते. भोर समितीच्या १९४६ च्या अहवालानुसार देशातील सु. ४७,५०० नोंदणीकृत वैद्यांपैकी सु. ३०,००० परवानाधारक होते. या समितीने परवाना पाठ्यक्रम बंद करून सर्वत्र एकच पदवी असावी आणि प्रत्येक वैद्यास प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकाचे शिक्षण मिळावे, असे सुचविले. पहिली शिफारस अंमलात आली. दुसरीचा आशय मात्र मोठ्या शहरी रुग्णालयांत घडणाऱ्या शिक्षणात बव्हंशी हरवला. पदव्युत्तर शिक्षणही विशेष शाखांकडेच झुकले. पदवी व आंतरवासिता संपताच स्वतःचा दवाखाना थाटणाऱ्या वैद्यास पुढील शिक्षण रुग्णांकडूनच घ्यावे लागे.

वडाळा ते जामखेड : रजनीकांत आरोळे (१९३४–२०११) व त्यांच्या पत्नी मेबल आरोळे (१९३५–९९) यांनी वेल्लोर येथील ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात पदवी शिक्षण घेतले. नंतर १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात ते नेवासे तालुक्यातील वडाळा येथील मिशन रुग्णालयात काम करीत होते. अतिसार, कुपोषण, क्षय, नवजात अर्भकांचा धनुर्वात अशा टाळता येण्याजोग्या विकारांचेच रुग्ण तेथे पुन्हा पुन्हा येत. बरा होऊन गेलेला रुग्ण त्याच पाण्याकडे व त्याच उपासमारीकडे परतत असे. यासाठी रुग्णालयीन कौशल्य अपुरे आहे, हे ओळखून उभयतांनी अमेरिकेत निवासी वैद्य म्हणून प्रशिक्षण घेतले आणि त्याला जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील सार्वजनिक आरोग्याच्या अध्ययनाची जोड दिली. शस्त्रक्रिया व रोगचिकित्सा यांबरोबरच लोकसमूहाच्या आरोग्याचे शास्त्र, अशी ही दुहेरी तयारी होती.

स्वदेशी परतल्यावर १९७० मध्ये त्यांनी जामखेड या अवर्षणप्रवण तालुक्यात ‘समग्र ग्रामीण आरोग्य प्रकल्प’ सुरू केला. गावोगावी परिचारिका-प्रसाविका नेमण्याची आरंभीची योजना फारशी यशस्वी झाली नाही. बाहेरून आलेल्या परिचारिका खेड्यात राहण्यास नाखूष असत व गावकऱ्यांशी त्यांचा मेळ बसत नसे. म्हणून गावानेच निवडलेल्या स्त्रियांना शिकविण्याचे ठरले. त्यांतील बहुतेक निरक्षर व अनेक दलित होत्या. त्या नियमितपणे जामखेडला येत, शिकलेले गावात वापरून पाहत आणि पुढील खेपेस अडचणी मांडत. प्रसूती, बालकांचे वजन, मीठ-साखरेच्या पाण्याने निर्जलीभवनावर उपाय, क्षय व कुष्ठरोगाचे रुग्ण हुडकणे ही कामे त्यांनी आत्मसात केली. शेतकरी मंडळे व महिला मंडळे यांच्या साहाय्याने पाणी, शेती व अस्पृश्यता हे प्रश्नही आरोग्याच्या कक्षेत आले.

या व्यवस्थेत वैद्याची भूमिका पालटली. तो एकमेव उपचारक न राहता शिक्षक, सल्लागार आणि अवघड रुग्णांचा आधार बनला. आपले ज्ञान इतरांच्या हाती देणे हे त्याच्यासाठी व्यवसायातील सर्वांत कठीण कौशल्य ठरले. वैद्यकीय महाविद्यालयांत ते शिकविले जात नव्हते.

परिणाम : प्रकल्पाच्या नोंदींनुसार १९७१ मध्ये दर हजारी १७६ असलेले अर्भक मृत्युमान १९७६ मध्ये ५२ पर्यंत उतरले. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका संग्रहात जामखेडची माहिती समाविष्ट झाली. आरोळे दांपत्यास १९७९ मध्ये रामॉन मागसायसाय पुरस्कार मिळाला. पुढे देशोदेशींचे वैद्य व आरोग्य कार्यकर्ते जामखेडला शिकण्यासाठी येऊ लागले. याच जिल्ह्यात लोणी येथे १९८४ मध्ये ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्याने खेड्याजवळ वैद्यकीय पदवी शिक्षणाची सोय झाली.

औपचारिक प्रशिक्षणाच्या बाबतीत भारतीय वैद्यक संघाने १९६३ मध्ये सामान्य वैद्यांचे महाविद्यालय स्थापिले, तर १९७५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय परीक्षा मंडळाच्या व्यवस्थेत पुढे कुटुंबवैद्यकाचा समावेश झाला. तथापि विशेष शाखांच्या तुलनेत या विषयाचा विस्तार मर्यादितच राहिला. आरोळे दांपत्याला वडाळ्यात जाणवलेली उणीव केवळ आणखी काही वर्षे रुग्णालयात काढून भरून निघणारी नव्हती. ज्या समाजात व्यवसाय करावयाचा, त्या समाजातच प्रशिक्षणाचा काही काळ व्यतीत झाला पाहिजे, हे जामखेडच्या अनुभवाचे सार होय.