पाणी घर नेते तेव्हा

पवना आणि इंद्रायणी यांच्या काठी राहणाऱ्या पिंपरी-चिंचवडकरांना समुद्राच्या धुपेची चिंता कशाला, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. परंतु पाण्याने घर नेले तर सरकारने काय द्यावे, याचा धडा आपल्या पुणे जिल्ह्याने एकदा फार मोठी किंमत देऊन घेतला आहे. तो किनाऱ्यावरच्या माणसाच्या कामी यावा, एवढ्यासाठीच आपण तो आज उजळून पाहू.

प्रथम आपल्या पिंपरीकडेच पाहू. 1947 च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची वसाहत येथे झाली. त्यांची घरेदारे मागे राहिली होती आणि परतीची वाट बंद झाली होती. अशा माणसाला नुसता भिंतींचा खर्च देऊन भागत नाही. भिंती उभ्या करायला आधी जागा लागते.

पुढे 12 जुलै 1961 रोजी आंबी नदीवरचे पानशेतचे अपुरे धरण फुटले. त्या लोंढ्यापुढे खडकवासल्याचे जुने धरणही टिकले नाही आणि मुठेने पुण्यातील काठच्या पेठा धुऊन नेल्या. यशवंतराव चव्हाण तेव्हा मुख्यमंत्री होते. पुनर्वसनाचे काम त्यांनी स. गो. बर्वे यांच्याकडे सोपविले. बर्वे हे पुणे महापालिकेचे पहिले आयुक्त. शहराची नाडी त्यांना ठाऊक होती. अर्धगोल पत्र्याच्या निसेन झोपड्यांत तात्पुरता निवारा झाला. मग लोकमान्यनगरासारख्या वसाहती उठल्या. सहकारनगरात पूरग्रस्तांच्या गृहरचना संस्था उभ्या राहिल्या. नदीपासून दूर, उंचावर जागा मिळाली, हे त्या मदतीचे मर्म होय. उणीवही सांगितली पाहिजे: सरकारी जमिनींवर वसलेल्या पूरग्रस्तांचा मालकी हक्काचा प्रश्न पुढे अर्धशतकाहून अधिक काळ रेंगाळला.

आता किनाऱ्याकडे वळू. मुठा चढली तशी उतरली. घर गेले तरी पेठेतली जमीन जागेवर राहिली. समुद्राचे तसे नाही. तो आज अंगण घेतो, काही वर्षांनी पडवी घेतो आणि शेवटी घराखालची जमीनच नेतो. पालघर जिल्ह्यातील सातपाटीसारख्या कोळी गावांना हा अनुभव नवा नाही. तेथे धूपप्रतिबंधक बंधारा बांधतात. लाटा त्यालाही खिळखिळा करतात. शिवाय केंद्र सरकारच्या मदतीच्या यादीत पूर आहे, चक्रीवादळ आहे, दरड कोसळणे आहे. हळूहळू होणारी धूप मात्र नाही. एका रात्रीत बुडालेल्याचा पंचनामा होतो. वीस वर्षे बुडत असलेल्याचा कोणत्या तारखेला करावा? पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या काळासाठी धुपेने विस्थापित झालेल्यांच्या पुनर्वसनाकरिता 1,000 कोटी रुपयांची वेगळी तरतूद सुचविली, तिचे महत्त्व यासाठी.

केरळने याच्या आधीच एक पाऊल टाकले होते. तेथील 'पुनर्गेहम्' योजनेत भरतीरेषेपासून 50 मीटरांच्या आत राहणाऱ्या मच्छीमार कुटुंबाला 10 लाख रुपये ठरविले गेले. त्यांपैकी 6 लाखांपर्यंत जागेसाठी. म्हणजे जागेचा वाटा घरापेक्षा मोठा. ओडिशात सातभाया येथील कुटुंबे बागापतिया येथे वसविली गेली, तीही सरकारने दिलेल्या जमिनीवरच.

तरीही एक गोष्ट उरते. शनिवारातला कारकून सहकारनगरात राहायला गेला तरी सायकलीवरून कचेरीत जाऊ शकत होता. कोळ्याची होडी, जाळी आणि मासळी वाळविण्याची जागा मात्र सायकलीवर बांधून नेता येत नाही. त्याला किनाऱ्यापासून चार कोस आत पक्के घर दिले, तर घर मिळेल आणि धंदा जाईल.

म्हणून आम्हाला वाटते की अशा मदतीची परीक्षा तीन प्रश्नांनी करावी. जागा दिली काय? ती धंद्याजवळ आहे काय? आणि ती त्याच्या नावावर झाली काय? पानशेतनंतर पहिला प्रश्न आपण लवकर सोडविला आणि तिसऱ्यासाठी दोन पिढ्या खर्ची घातल्या. कोकणच्या कोळ्याला तेवढी सवड नाही. त्याच्या दारात भरती रोज दोनदा येते.