सातबाऱ्याची कुळकथा

हाती लिहिलेला जुना सातबारा पाहिला की दोन खुणा आधी डोळ्यांत भरतात. काही नावांना कंस असतो आणि नावांशेजारी गोलात आकडा. तो आकडा फेरफाराचा. त्या नंबरची नोंद गाव नमुना 6 मध्ये काढली की जमीन विकली, वाटणीत आली की वारसाने मिळाली, ते कळते. कंस पडला म्हणजे त्या माणसाचा हक्क संपला. अशा एका कागदावर घरादाराच्या तीन-चार पिढ्या वाचता येतात.

पण हा कागद हक्कासाठी जन्मला नाही, साऱ्यासाठी जन्मला. पेशवाईनंतर इंग्रजांना पहिला प्रश्न पडला तो वसुलीचा. पुणे भागात प्रिंगलने केलेली आकारणी इतकी जड निघाली की इंदापूरकडच्या अनेक कुणब्यांनी जमिनी टाकून दिल्या. 1835 साली त्याच इंदापुरात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नव्याने मोजणी सुरू केली. साखळी 33 फुटांची. तिचा चौरस म्हणजे एक गुंठा, आणि असे 40 गुंठे म्हणजे एक एकर. आपण आजही त्याच गुंठ्याने बोलतो. शेताला सर्व्हे नंबर मिळाला, हद्दीवर दगड रोवले गेले, आकार 30 वर्षांसाठी ठरला आणि सारा भरणारा म्हणून खातेदाराचे नाव लागले.

सारा भरत राहाल तोवर जमीन तुमची, ती विकता येईल, गहाण टाकता येईल, हा या व्यवस्थेचा भाग होता. शेतकऱ्याला पत मिळाली ती त्यातूनच, आणि त्याच वाटेने जमीन सावकाराकडे जाऊ लागली. 12 मे 1875 ला सुप्याच्या बाजारात लोक उठले, पुढे पुणे-नगरच्या गावोगाव कर्जरोखे जळाले. मालकी पक्की झाली की शेतकरी आपोआप सावरतो असे आजही सांगितले जाते. सुप्याचा इतिहास माहीत असलेल्याने ते इतक्या सहज मानू नये.

सरकारी दप्तरात मात्र खातेदार तेवढा दिसे. गहाण कोणाकडे, हिस्सेदार कोण, कसतो कोण, याचा तिथे पत्ता नसे. ती उणीव भरायला मुंबई इलाख्यात 1903 साली हक्कनोंदणीचा कायदा झाला आणि 1913 मध्ये तो जमीन महसूल कायद्यात सामील केला गेला. अँडरसन या सनदी अधिकाऱ्याने गावाचे हिशेब नमुन्यांत बांधले. सातवा नमुना हक्कांचा, बारावा पिकांचा. दोन्ही एका कागदावर आले आणि सातबारा झाला.

माझ्या मते या दोहोंत बारा मोठा. साताला कागदोपत्री हक्काचा आधार लागतो, बारा मात्र शेतात जाऊन लिहायचा: पीक कोणते, क्षेत्र किती, जमीन करणारा कोण. 1948 चा कूळकायदा आला आणि 1 एप्रिल 1957 हा कृषक दिन ठरला, तेव्हा कसणाऱ्याला मालक ठरवताना पीकपाहणीतल्या याच नोंदीला मोल आले. ज्या कुळाचे नाव तिथे वर्षानुवर्षे लागले होते, त्याच्या हातात पुरावा होता. ज्याच्या रकान्यात जमीनदाराने 'खुद्द' लिहवून घेतले, त्याला आपण कसत होतो हे साक्षीदार आणून सिद्ध करावे लागले. तलाठ्याच्या लेखणीतल्या एका शब्दावर घराचे नशीब ठरले, हे आपण पुरेसे लक्षात ठेवलेले नाही.

त्या कायद्याची धास्ती मालकांच्या मनात अजून आहे. जमीन खंडाने किंवा अर्धेलीने द्यायची, पण तोंडी. कागद करायचा नाही आणि कसणाऱ्याचे नाव कुठे येऊ द्यायचे नाही. 2021 पासून ई-पीक पाहणीत शेतकरी मोबाइलवरून पिकाचा फोटो टाकतो, पण नोंद होते ती खातेदाराच्या नावावर. खंडकऱ्याचे नाव सातातही नाही आणि बारातही नाही. सोसायटी त्याला पीककर्ज देत नाही, गारपिटीची भरपाई मालकाच्या खात्यात जमा होते, आणि पेरणीच्या तोंडाशी तो पुन्हा खासगी सावकाराचे दार ठोठावतो.