थेंबाचं माप

राजूरच्या बाजूला कधीकधी चंद्रावरून पातळ ढग सरकतो आणि चंद्राला लगटून एक छोटं कडं दिसतं. आत पांढरट, कडेला तांबूस. (दूरवर पडणारं मोठं खळं वेगळं, ते बर्फाच्या कणांमुळे दिसतं.) ढगातले थेंब प्रकाश वाकवतात, म्हणून हे कडं उमटतं. थेंब जितका बारीक, तितकं कडं मोठं. औषध फवारताना पंपातून निघणारा थेंब आज ज्या यंत्राने मोजतात, ते याच नियमावर चालतं.

हा नियम माणसाला फार आधी कळला होता. १८१३ च्या सुमारास इंग्लंडच्या थॉमस यंगने अशाच कड्यांवरून लोकरीच्या तंतूंची जाडी आणि रक्तपेशींचा आकार मोजणारं साधन बनवलं. जर्मनीत फ्राउनहोफरने त्यामागचा हिशोब घट्ट केला. पण दिव्याच्या प्रकाशात सगळे रंग मिसळलेले असतात. हलत्या फवाऱ्यात त्यांची कडी एकमेकांत विरून जात.

मग लोकांनी थेंब पकडायला सुरुवात केली. यातली माझी आवडती गोष्ट विल्सन बेंटलीची. अमेरिकेतल्या व्हरमाँटचा हा शेतकरी हिमकणांच्या फोटोंसाठी प्रसिद्ध आहे. त्याने पसरट भांड्यात पीठ घेऊन ते काही क्षण पावसात धरलं. प्रत्येक थेंबाची एक गोळी झाली. त्या वाळवून त्याने मोजल्या आणि १९०४ मध्ये निष्कर्ष छापले. पुढे काचेवर मॅग्नेशियम ऑक्साईडचा थर देऊन त्यात थेंबांनी पडलेले खड्डे मोजू लागले. या पद्धतींत एक खोट होती. अगदी बारीक थेंब हवेच्या झोताबरोबर काचेला वळसा घालून निघून जातो. जो नाकातोंडात जायचा, नेमका तोच मोजणीतून निसटायचा.

१९६० मध्ये लेसर आला. एकच रंग, सरळ किरण. १९७६ मध्ये शेफील्ड विद्यापीठातल्या स्विदेनबँक आणि सहकाऱ्यांनी लेसरचा किरण फवाऱ्यातून आरपार नेला आणि पलीकडे अर्धवर्तुळाकार पट्ट्यांचा शोधक बसवला. कोणत्या पट्टीवर किती प्रकाश पडला, त्यावरून कोणत्या आकाराचे थेंब किती, हे गणिताने काढता येऊ लागलं. थेंब पकडायची गरजच उरली नाही. त्यांना चिंता होती भट्टीतल्या इंधनाची, शेतीची नव्हे. पण माल्व्हर्न कंपनीने हे यंत्र बाजारात आणलं आणि ते शेतीच्या प्रयोगशाळांतही पोचलं. १९८५ मध्ये ब्रिटनमध्ये नोझलची बारीक, मध्यम, जाड अशी वर्गवारी सुरू झाली.

आकाराने एवढा काय फरक पडतो? २०० मायक्रॉनच्या एका थेंबात २० मायक्रॉनचे हजार थेंब मावतात. मोठा थेंब स्थिर हवेत दोन मीटर खाली यायला तीनेक सेकंद घेतो, बारीक थेंब जवळजवळ तीन मिनिटं. तेवढ्या वेळात वारा त्याला कुठेही नेईल. बारीक थेंब पान चांगलं झाकतो, हेही खरंच आहे. म्हणूनच मोह होतो.

राजूर नावाचं आणखी एक गाव यवतमाळ जिल्ह्यात वणीजवळ आहे. त्या जिल्ह्यात २०१७ च्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो रुग्णालयात दाखल झाले. औषधांची मिश्रणं, संरक्षक कपडे नसणं, डोक्याएवढी वाढलेली कपाशी अशी अनेक कारणं पुढे आली. त्यांत फार बारीक तुषार उडवणारे पंपही होते. उंच पिकात तोंडासमोर धरलेला फवारा श्वासात जाणारच. राज्य सरकारने काही कीटकनाशकांवर तात्पुरती बंदी घातली. चर्चा बाटलीवर झाली, नोझलवर कमी. मला हे उलटं वाटतं. बाटली बदलली तरी नोझल तेच राहतं.

इकडे अकोले-संगमनेर पट्ट्यात टोमॅटोवर हंगामभर फवारण्या चालतात. पंप घेताना दुकानदार टाकी किती लिटरची, बॅटरी किती वेळ चालेल, हे सांगतो. थेंब किती मायक्रॉनचा, हे विचारून पाहा. आणि पंपाला पिळायचं नोझल असेल, तर ते पार आवळून धुकं काढण्याआधी वारा कुठल्या दिशेचा आहे, तेही बघा.