उन्हाचे औषध आणि उन्हाची आग

श्रोतेहो, भोकरच्या वैशाखातल्या उन्हाची ओळख तुम्हांला करून द्यायला नको. याच उन्हाला माणसाने औषध कसे केले आणि त्याची आग सोसण्याजोगी कशी केली, ती हकीकत आज ऐका.

अंगावरच्या पांढऱ्या डागांना आपण कोड म्हणतो. जुने ग्रंथ त्याला श्वित्र म्हणतात. अशा रोग्याने औषध पिऊन उन्हात बसावे, असे चरकसंहिता सांगते. पण किती? ज्याच्या त्याच्या ताकदीप्रमाणे! तहान लागली तर पेज प्यावी, हेही तीत आहे. म्हणजे त्रासाचा विचार तेव्हाच झालेला होता.

डेन्मार्कमध्ये ऊन दुर्मिळ. तिथल्या नील्स फिन्सेन या डॉक्टरने १८९५ पासून त्वचेच्या क्षयावर विजेच्या दिव्याचा प्रकाश भिंगांनी एकवटून सोडला. कातडी भाजू नये म्हणून स्फटिकाच्या चकत्यांमधून गार पाणी खेळवले आणि ते साधन अंगावर दाबून धरले. दाबाने रक्त बाजूला सरे नि प्रकाश खोल जाई. १९०३ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. आजही काही प्रकाशोपचारांत आग होऊ लागली की गार हवा, पाण्याचा फवारा, मध्ये थोडी विश्रांती, हेच उपाय करतात.

आता आपल्या बावचीकडे या. तिच्या बियांत सोरालेन नावाची द्रव्ये असतात. ती लावलेल्या कातडीला ऊन फार बाधते. १९४८ साली इजिप्तच्या एल मोफ्ती यांनी तिकडच्या एका वनस्पतीतले असेच द्रव्य कोडावर वापरल्याचे प्रसिद्ध केले. १९७४ पासून अमेरिकेत गोळी आणि दिवा, दोन्ही मोजूनमापून देऊ लागले. मोजायचे का? कारण ही भाजणूक ताबडतोब दुखत नाही. दिवसा-दोन दिवसांनी लाली आणि फोड उठतात. तेव्हा ‘दुखत नाही ना, मग बस आणखी’ हा हिशेब फसवा.

मुलीचे लग्न ठरत नाही म्हणून घरचे लोक तिला बावची लावून भर दुपारी उन्हात बसवतात. तसे करू नका. त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा; फोड आलेच तर घरी फोडू नका, गार पाण्याची घडी ठेवा नि दवाखाना गाठा.

आणि गुरुजी, वर्गात एवढे जरूर सांगा: कोड म्हणजे महारोग नव्हे. ते शिवल्याने लागत नाही. त्या मुलाला सगळ्यांबरोबर एकाच सतरंजीवर बसवा.